बांगड्या ऐकू येईपर्यंत

मास्तरांकडे गाणं ऐकायचं असेल तर आधी कान धुवावे लागत. गंमत म्हणून सांगत नाही, खरोखर धुवावे लागत. सुरतेच्या लिंबायत भागातल्या त्यांच्या ओट्यावर दर रविवारी सकाळी पाण्याची बादली, तांब्या आणि साबणाची वडी मांडलेली असे. आलेला माणूस ओल्या बोटाने पाळीच्या मागून, वरून, आतून कान स्वच्छ करी, टॉवेलने पुसी आणि मगच आतल्या खुर्चीवर बसे. एकदा गल्लीतले एक पुढारी घाईत होते म्हणून तसेच आत शिरले. मास्तरांनी त्यांना बसवलं, चहा पाजला, मुलाबाळांची चौकशी केली आणि हेडफोन काही दिला नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सुरतेत यंत्रमागाला संचा म्हणतात, संच्यांच्या कारखान्याला खातं म्हणतात आणि संचे दुरुस्त करणाऱ्याला मास्तर. आमच्या मास्तरांनी सारा जन्म खात्यात काढला. ते आमचे घरमालक. खाली ते आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या मावशी; वर मी, मम्मी आणि पप्पा. पप्पा त्यांच्याच खात्यात संचे चालवायचे. मी घोडदौड रोडवरच्या एका दुकानात हेडफोन विकायला होते, आणि त्यामुळे आवाजातलं जगाला कळत नाही ते सगळं आपल्याला कळतं असं मला वाटायचं. चोवीस वर्षांच्या मुलीला असं वाटायला दुकानाचा टी-शर्ट पुरतो.

ज्यांनी संच्यांचं खातं आतून पाहिलेलं नाही त्यांना तिथला आवाज सांगून समजायचा नाही. शेजारच्या माणसाच्या कानाशी ओरडलं तरी त्याला ऐकू जात नाही. म्हणून तिथले लोक ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. चिमूट दाखवली की धागा तुटला, मूठ फिरवली की ताण्याच्या सुताचा रूळ, म्हणजे बीम, संपत आला, तळहात आडवा फिरवला की वीज गेली, संचे बंद. मास्तर निवृत्त झाले तरी त्यांचे हात निवृत्त झाले नाहीत. घरात दोनच माणसं, आवाज कसलाच नाही, तरी ते मावशींकडे चहा खुणेनेच मागत. मावशीही खुणेनेच नाही म्हणत. त्यांची भांडणं मी जिन्यावर बसून पाहिली आहेत. दहा मिनिटं हात चालत, बोटं मोडली जात, कपाळं बडवली जात, आणि शब्द एकही नाही. शेवटी मावशी पाठ फिरवत. पाठ फिरवली की मास्तरांना काही बोलताच येत नसे, त्यामुळे प्रत्येक भांडण मावशीच जिंकत.

मास्तर ठार बहिरे नव्हते. जाड आवाज त्यांना नीट ऐकू येत, बारीक आवाज गेले होते. डास कानाशी गुणगुणला तरी पत्ता नसे, आणि याबद्दल ते स्वतःला भाग्यवान समजत. मात्र संच्याचं दुखणं त्यांना कानानेच कळे. खात्याच्या दारात उभं राहून ते चाळीस संच्यांतला आजारी संचा बोटाने दाखवत. कधी नुसता हाताचा पंजा संच्याच्या लोखंडावर ठेवून डोळे मिटत आणि म्हणत, "याना पाय दुखस." पाय म्हणजे खालचा भाग. खोलून बघितलं की तिथेच बिघाड सापडे.

तो हेडफोन त्यांच्याकडे आला त्याचीही गोष्टच आहे. खात्याच्या मालकाच्या, शेठच्या, मुलाने परदेशातून आणलेला हा भारी हेडफोन डावी बाजू बंद पडल्यामुळे ऑफिसच्या कपाटात पडून होता. मास्तरांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत तो उघडला, केसाएवढी तुटलेली तार झाळली आणि चालू झाला का हे बघायला दोन मिनिटं कानाला लावला. ती दोन मिनिटं ते विसरले नाहीत. पुढे निवृत्तीच्या दिवशी शेठने भिंतीवरचं मोठं घड्याळ आणून ठेवलं. मास्तर त्याला हात लावेनात.

"मास्तर, घडियाळ लई लो ने," शेठ म्हणाले.

"शेठ, टाइम बहोत देखा," मास्तर म्हणाले. "वो कानवाला दे दो."

मुलाने एव्हाना त्याहून नवा घेतला होता. तो मनाने मोकळा. त्याने हेडफोन डब्यासकट देऊन टाकला.

मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझे डोळे विस्फारले. करड्या मखमलीच्या गाद्या, बाहेरच्या अंगाला बारीक जाळी, उचलला तर हलका. असला हेडफोन आमच्या दुकानात काचेच्या कपाटात कुलपात असायचा, आणि गिऱ्हाइकाला दाखवायला मालक स्वतः उठायचे. तो लिंबायतमध्ये, शेवयांच्या डब्याशेजारी, जुन्या लुगड्याच्या तुकड्याखाली झाकून ठेवलेला होता.

दुकानात आम्ही गिऱ्हाइकांना सांगायचो की आवाज मोकळा आहे, खुला आहे, स्टेज मोठं आहे. मास्तरांचे शब्द कापडाचे होते. "पन्हा देख," कापडाची रुंदी दाखवावी तसे हात पसरून ते म्हणत. "गानारी मधमा, तबला उजवीकडे, पेटी डावीकडे. कोनी कोना पायवर पाय देत नही." जाड सुरांना ते पोत म्हणत आणि सगळ्यात वरच्या बारीक आवाजांना किनार. झांजा, बांगड्या, बासरी वाजवणाऱ्याने मधेच घेतलेला श्वास, हे सगळं किनारीत. किनार नसेल तर कापड कितीही भारी असो, दोन दिवसांत उसवतं, आणि गाण्याचंही तसंच, असं त्यांचं ठाम मत होतं. खरं सांगायचं तर आमच्या दुकानातल्या इंग्रजी माहितीपत्रकापेक्षा मला हे लवकर समजलं. पण तसं मी कबूल केलं नाही.

रविवारी त्यांच्याकडे यायचे ते बहुतेक जुने कारागीर. कुणी धुळ्याकडचा, कुणी अमळनेरकडचा, दोघेतिघे बुलढाण्याचे. प्रत्येकाला एक गाणं. गाणं चालू असताना बोलायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. मास्तर समोर स्टुलावर बसून ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत. म्हातारे डोळे मिटून बसत, एखादा मधेच हसे, एकजण तर मान हलवत हलवत रडलाही होता. गाणं संपलं की हेडफोन काढायचा, मास्तरांकडे बघून हाताने काय ती खूण करायची आणि पुढच्याला जागा द्यायची.

सगळ्यांच्या आवडीचं रेकॉर्डिंग होतं कानबाईच्या गाण्यांचं. श्रावणात आमच्या खान्देशी घरांत कानबाई देवी बसते, गल्लीतल्या बायका जमून गातात. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका शेजाऱ्याने ते एका वर्षी चांगल्या माइकवर भरून दिलं होतं.

मलाही एकदा खुर्ची मिळाली. कान धुतले, बसले, हेडफोन लावला. बायकांचे आवाज आले आणि त्याबरोबर कानात सुया टोचल्या. गाताना बांगड्या वाजत होत्या त्या थेट पडद्याला जाऊन भिडत होत्या. प्रत्येक 'स' आणि 'श' कान चिरत जात होता. गाणं संपल्यावर मी म्हटलं, "छान." मास्तरांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि खुणेने पुढच्याला बोलावलं.

दोष हेडफोनचा नव्हता, हे मला लगेच कळलं. मास्तरांनी बँडवाल्यांच्या भंगारातून एक इक्वलायझर आणला होता. आवाजाचे जाड-बारीक पदर वेगवेगळे कमीजास्त करायचा तो डबा, त्यावर एका ओळीत सरकत्या पट्ट्या असतात. तीन महिने खपून त्यांनी त्या लावल्या होत्या, प्रत्येक पट्टीपाशी शिंप्याच्या खडूने निशाणी केली होती आणि कुणी हात लावू नये म्हणून वर लाकडी झाकण चार स्क्रूंनी बसवलं होतं. मला वाटलं, बिचाऱ्यांनी अंदाजाने काहीतरी लावून ठेवलंय आणि बाकीचे म्हातारे भारी वस्तू कानाला लागली एवढ्यावरच खूश आहेत. आज हे लिहितानाही मला स्वतःचा राग येतो. रोज माणसांच्या कानांशी धंदा करणारी मुलगी मी, मला एवढं कळू नये?

पुढे भाच्याच्या लग्नाला मास्तर आणि मावशी शिरपूरला आठ दिवस गेले. किल्ली आमच्याकडे होती. मी एका दुपारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली गेले. झाकण उघडलं, आतली धूळ कापसाने काढली, आणि दुकानात शिकवलं होतं तसं केलं. सगळ्या पट्ट्या मधोमध आणल्या. सपाट. आवाज जसा भरला तसा, खरा. खडूच्या निशाण्या घाणेरड्या दिसत होत्या म्हणून ओल्या फडक्याने पुसल्या. मग बांगड्यांचं गाणं लावून ऐकलं आणि मन भरून आलं. काय सुरेख वाजत होतं! बायका समोर अर्धवर्तुळात बसल्या आहेत, एकीने घोट गिळला तोसुद्धा कळत होता. झाकण होतं तसं घट्ट बसवलं आणि आपण मास्तरांना केवढी भेट दिली या आनंदात वर जाऊन जेवले.

परतल्यानंतरचा पहिला रविवार. लोक येण्याआधी मास्तर स्वतः एक गाणं ऐकून बघत. मी जिन्यावर बसून वाट बघत होते. त्यांनी हेडफोन लावला. काढला. वायर तपासली. पुन्हा लावला. उजवी बाजू डाव्या कानाला, डावी उजव्या कानाला करून बघितली. दुसरी वायर आणून जोडली. झाकणाच्या स्क्रूंवरून बोट फिरवलं, ते घट्टच होते. मग ते बराच वेळ हेडफोन मांडीवर घेऊन बसून राहिले. नंतर उठले, बादलीतलं पाणी मोरीत ओतलं, आणि दारात आलेल्या कारागिरांना तळहात आडवा फिरवून खूण केली. संचे बंद.

मला वाटलं प्रवासाचा शीण असेल. दुसऱ्या रविवारीही बंद. तिसऱ्याही. भेस्तानच्या एका खात्यातून माणूस रिक्षा घेऊन आला, एक संचा वेगळाच आवाज करतोय, नुसतं येऊन ऐकून जा म्हणाला. असलं बोलावणं आलं की मास्तर चपला शोधत सुटायचे. या वेळी ते ओट्यावरून उठलेच नाहीत. दुसरा मास्तर बघा म्हणाले. मावशींचं जेवणावरून मन उडालं. "बोलत नहीत, हात भी हालत नहीत," त्या मम्मीला सांगत होत्या. भांडायलासुद्धा माणूस उरला नव्हता.

चौथ्या आठवड्यात मास्तर जिना चढून वर आले. हातात हेडफोनचा डबा.

"हाई तू ठेव, पोर," ते म्हणाले. "तुना कान नवा शेतस. मना कान मरी गयात. बांगड्या येत नहीत."

एखाद्या गोष्टीची वर्षानुवर्षं भीती असली की ती झाल्यावर माणूस पुरावा मागत नाही. दर वर्षी थोडं थोडं ऐकू येणं कमी होत होतं, एक दिवस सगळंच जाणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि तो दिवस आला असं त्यांनी गृहीत धरलं. ज्याने चाळीस संच्यांतला एक नुसत्या कानाने ओळखला, त्याला स्वतःचे कान गेले याबद्दल मात्र शंका घ्यावीशीही वाटली नाही.

"मास्तर," मी म्हटलं, "मी झाकण उघडलं होतं."

त्यांनी ओठ वाचले, पण पटलं नाही. मी पुन्हा सांगितलं, सावकाश.

"सगया पट्ट्या?"

"सगळ्या."

"खडूनी निशानी?"

"पुसल्या."

आता थोबाडीत बसणार असं मला वाटलं आणि खरं तर बसलेली चालली असती. मास्तर जिन्याच्या वरच्या पायरीवर मटकन बसले. दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले, शाळेतला पोर धरतो तसे, आणि हसायला लागले.

"म्हनजे मना कान जित्ता शेतस!" ते ओरडले. "ओ, ऐकं का? जित्ता शेतस!"

खालून मावशी धावत आल्या. त्यांना वाटलं काहीतरी झालं. झालंच होतं. मम्मीने मात्र माझी कानउघाडणी केली. दिवसभर लोकांना शिकवते आणि घरी येऊन असा उजेड पाडते, वगैरे. मला एकेक शब्द मान्य होता.

आता पट्ट्या पुन्हा लावायच्या. मास्तर हेडफोन लावून बसले, मी डब्यापाशी. तळहात वर, म्हणजे ताण वाढव. तळहात खाली, म्हणजे ढिला कर. तासाभरात त्यांचा कान थकला. पण खरी अडचण निराळीच होती, आणि ती फक्त त्यांच्याच डोक्यात आली असती. त्यांना बांगड्या कुठे वाजतात ते पाठ होतं. आता जे ऐकू येतंय ते खरंच वाजतंय की आठवणीतून येतंय, याची त्यांना खात्री वाटेना. "खात्यामा घासायेल कान पाहिजे," ते म्हणाले, "पन ज्यानी हाई कधीच ऐकं नही असा."

असा कान आमच्याच घरात होता. पप्पांनी इतक्या वर्षांत त्या खुर्चीला पाठ टेकवली नव्हती. "बारा-बारा तास कान शेठला दिले, उरलेल्या वेळात ते माझे," असं ते म्हणायचे. मास्तर त्यांना बोलावून बोलावून थकले होते. त्या दिवशी पप्पा खाली आले आणि बादलीपाशी बसून कान धुऊ लागले.

"पोरनी बिघाडं," ते म्हणाले, "मी बसस."

पप्पा खुर्चीवर, मास्तर समोर स्टुलावर, मी पट्ट्यांपाशी, आणि मावशी-मम्मी दारात. मम्मी कणीक मळता मळता आली होती. गाणं लागलं. मास्तर पप्पांच्या तोंडाकडे बघत मला खुणा करत होते आणि मी पट्ट्या वर सरकवत होते. दुकानात शिकलेलं सगळं मला थांब म्हणत होतं. एवढं वर नेलं की आवाजाचा सत्यानाश होतो, हे मीच गिऱ्हाइकांना शंभर वेळा सांगितलं होतं. मी नेत राहिले. पप्पांचं तोंड खात्यातून घरी येतानाचं, बंद. शेवटून चौथी पट्टी. शेवटून तिसरी. ती अगदी टोकाला पोचली आणि पप्पांच्या भुवया वर गेल्या.

त्यांनी एक हात वर धरून सगळ्यांना थांबवलं, जणू आम्हीच आवाज करत होतो. पुष्कळ वेळ तसेच ऐकत राहिले. मग मोठ्याने, हेडफोन लावलेला माणूस बोलतो तितक्या मोठ्याने विचारलं, "ह्या कोन्या बांगड्या शेतस?"

मावशींनी पुढे होऊन हाताने दाखवलं आणि ओठांनी सांगितलं, "तुनी बायकोन्या. माइकजोडे तीच बशेल व्हती."

पप्पांनी मम्मीच्या हातांकडे पाहिलं. कणकेने माखलेली मनगटं, त्यांवर हिरव्या काचेच्या बांगड्या.

"रोजच वाजतस?"

"मंग काय!" मम्मी म्हणाली आणि हात पदरात घेऊन वर निघून गेली. पण तिथूनही कणीक मळताना वाजणाऱ्या बांगड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता.

पप्पांनी गाणं पुन्हा लावायला सांगितलं. मास्तरांकडे नियम एका गाण्याचा होता, पण त्या दिवशी त्यांनी ते तीन वेळा लावू दिलं आणि दर वेळी स्वतःच खूश होऊन मांडीवर थाप मारली. नंतर त्यांनी स्वतः ऐकलं. डोळे मिटले, उघडले, खडू घेतला आणि एकेका पट्टीपाशी नवी निशाणी केली. पुढच्या रविवारी ओट्यावर पुन्हा रांग लागली आणि भेस्तानला रिक्षाही गेली.

आता मास्तर गावाकडे असतात, शिरपूरजवळ. फोन करत नाहीत, व्हिडिओ कॉल करतात, कारण ओठ दिसले पाहिजेत. दोन वाक्यं झाली की कॅमेरा हेडफोनकडे वळवून तो कसा आहे ते दाखवतात, नातवंड दाखवावं तसा. तिकडच्या म्हाताऱ्यांचे कान शाबूत आहेत, त्यामुळे कुणी ऐकायला येत नाही, अशी त्यांची तक्रार असते.

पण मला आठवतो तो त्या दिवसाचा शेवट. पप्पा वर गेले होते, निशाण्या करून झाल्या होत्या. मी झाकण बसवत होते. मास्तरांनी मला खुर्चीवर बसवलं आणि हेडफोन स्वतःच्या हाताने माझ्या कानांवर ठेवला. बायका गायला लागल्या आणि पुन्हा त्याच सुया. मी तोंड सरळ ठेवायचा कसून प्रयत्न केला. मास्तर समोरून बघत होते. ज्या माणसाने आयुष्यभर तोंडं वाचली त्याच्यापुढे माझा काय निभाव लागणार?

"टोचस ना?" त्यांचे ओठ हलले.

मी मान हलवली. मग विचारलं, "मास्तर, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिला दिनपासून. तू 'छान' म्हनी तवय तुनं तोंड काय मी देखं नही?"

त्यांना वाईट वाटलं होतं असं मुळीच नाही. ते मजेत होते. कापडाची लांबी सांगावी तितक्या सहज त्यांनी एक बोट माझ्या कानाकडे केलं आणि नंतर तेच स्वतःच्या कानाकडे वळवलं.

"जितलं तुले टोचस ना, पोर, तितलं आमनं गयेल शे."

मी गाणं संपेपर्यंत हेडफोन काढला नाही.